दाढेच्या मुळात ठेवलेला चुना

दाढ ठणकायला लागली की पहिली धाव मेडिकलच्या दुकानाकडे असते. गोळ्यांनी दोन-तीन दिवसांत ठणका बसतो, सूज उतरते आणि डॉक्टरकडे जायचं राहून जातं. पण किडीमुळे आतला पल्प, म्हणजे आपण जिला ‘नस’ म्हणतो तो मऊ भाग, मेला असेल तर त्याचा रक्तपुरवठाही बंद पडलेला असतो. अँटिबायोटिक पोहोचतं रक्तावाटे. मुळाच्या पोकळीत रक्तच जात नसेल, तर तिथले जंतू सुखरूप राहतात. म्हणून जंतुनाशक थेट मुळाच्या आतच ठेवावं लागतं.

सगळा दोष जंतूंचाच, हे 1965 मध्ये अमेरिकेतल्या काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झजेराल्ड यांनी स्वच्छ दाखवून दिलं. त्यांनी उंदरांच्या दाढांना भोकं पाडून पल्प उघडा ठेवला. नेहमीच्या उंदरांमध्ये तो सडला, मुळाशी पू झाला. पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या भोकांत अन्न अडकलं, तरीही पल्प जगला आणि भोकाच्या जागी नव्या डेंटिनचा, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण भागाचा, थर धरू लागला.

रूट कॅनल करताना डॉक्टर बारीक फाइलने मूळ खरवडतात आणि सोडियम हायपोक्लोराइटने पुन्हा पुन्हा धुतात. हे द्रावण जंतू मारतं आणि मेलेला पल्प विरघळवतंही. हे दोन्ही गुण असलेलं दुसरं द्रावण सहसा सापडत नाही. तरीही सगळं निघत नाही. मुळाला आडवे फाटे असतात, टोकाशी बारीक शाखा असतात. शिवाय डेंटिन म्हणजे असंख्य सूक्ष्म नळ्यांचा थर. नळीची रुंदी साधारण 1 ते 2.5 मायक्रॉन, आणि बरेच जंतू त्याहून बारीक.

इथे दोन सिटिंगच्या मधलं औषध कामाला येतं. सगळ्यात जास्त वापरलं जातं ते कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पानाला लावतो त्या चुन्यातही मुख्यतः हेच द्रव्य असतं, इथे मात्र ते शुद्ध, औषधी दर्जाचं. 1920 मध्ये जर्मनीत हर्मान यांनी ते दंतोपचारात आणलं. त्याचा पीएच 12.5च्या आसपास असतो. एवढ्या अल्कलीत जंतूंची पेशीभित्तिका, प्रथिनं आणि डीएनए टिकत नाहीत. पांढरी पेस्ट मुळात नीट भरली, की साध्या पेस्टची घनता डेंटिनसारखीच असल्याने एक्स-रेमध्ये पोकळीची काळी रेघ जवळजवळ नाहीशी होते. डॉक्टरांना भरणी जमल्याची तीच खूण. स्वीडनमध्ये बिस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये हे औषध महिनाभर ठेवलं, तेव्हा 35 पैकी 34 मुळांत जंतू सापडले नाहीत. पुढच्या अभ्यासांत इतकं चोख यश मिळालं नाही.

एन्टेरोकोकस फीकालिस हा जंतू विशेष चिवट आहे. फसलेल्या रूट कॅनलमध्ये तो बऱ्याचदा सापडतो. पेशीत हायड्रोजन आयन ओढून घेऊन तो आतला पीएच सांभाळतो. त्यात डेंटिन स्वतःच अल्कलीची तीव्रता कमी करतं. अशा वेळी 2 टक्के क्लोरहेक्सिडीन हे दुसरं जंतुनाशक वापरतात. ते मेलेला पल्प विरघळवत नाही, आणि हायपोक्लोराइटशी गाठ पडली तर तपकिरी गाळ तयार होतो, म्हणून मधे सलाइनने धुऊन घ्यावं लागतं.

मुळाची वाढ पुरी न झालेल्या लहान मुलांच्या दातांत सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडाझोल आणि मिनोसायक्लिन या तीन अँटिबायोटिकची पेस्टही ठेवतात. जपानमध्ये होशिनो यांनी 1996 मध्ये तिचा अभ्यास मांडला. मिनोसायक्लिनने दात काळपट होतो, आणि पेस्ट फार तीव्र असेल तर मुळाच्या टोकाशी असलेल्या, मूळ वाढवणाऱ्या पेशीही मरतात. म्हणून मला तिचा सरसकट वापर पटत नाही.

पल्प जिवंत असेल तर काम एकाच सिटिंगमध्ये होतं. जंतू शिरलेल्या बऱ्याच दातांतही ते चालतं. पण मुळातून पू येत असेल तर औषधाला वेळ द्यावा लागतो, साधारण आठवडाभर तरी. दुखणं थांबलं म्हणून पुढची तारीख चुकवणं फार महागात पडतं: वरचं तात्पुरतं सिमेंट झिजतं, लाळेबरोबर नवे जंतू आत शिरतात, आणि चुना महिनोन्‌महिने आतच राहिला तर मुळाचं डेंटिन कमजोर होऊन दात मोडायची भीती वाढते. सिमेंटचा तुकडा पडला तर तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. आणि घरचा चुना दातावर लावू नका. त्याने हिरडी भाजते आणि मुळापर्यंत तो पोहोचतही नाही.