एकाच अंकात दोन पडझडी : १२ जुलै १९७९

त्या आठवड्यात वर्तमानपत्रांची पहिली पाने दोन गोष्टींनी अडवून ठेवली होती. दोन्ही पडायच्या बेतात होत्या. एक अमेरिकेची स्कायलॅब ही अंतराळातली प्रयोगशाळा, वजन सुमारे ७७ टन. दुसरे दिल्लीतले मोरारजी देसाईंचे सरकार, त्याचे वजन खासदारांत मोजायचे आणि ते रोज घटत होते. कधी पडणार, तुकडे किती होणार आणि कोणाच्या डोक्यावर येणार, हे तीनही प्रश्न दोघांनाही लागू होते. मथळे आपसांत बदलले असते तरी वाचकाने तक्रार केली नसती.

आधी आभाळातली गोष्ट. नासाने ही प्रयोगशाळा १४ मे १९७३ ला वर पाठवली. अंतराळवीरांच्या तीन तुकड्या तिथे राहून आल्या, शेवटची फेब्रुवारी १९७४ मध्ये परतली आणि मग घर रिकामे. पुढे स्पेस शटल तयार झाले की ते जाऊन स्कायलॅबला आणखी वर ढकलेल, असा बेत होता. पण शटल उडाले ते थेट एप्रिल १९८१ मध्ये. मधल्या काळात सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त खवळला, वरचे विरळ वातावरण तापून फुगले, प्रयोगशाळेला त्याचे घर्षण होऊ लागले आणि ती खाली खाली येत गेली. सरकारी कामात उशीर झाला की वस्तू डोक्यावर येते, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागले नसते.

नासाने हिशेबही मांडला होता. जगात कोणाला तरी तुकडा लागण्याची शक्यता १५२ मध्ये एक. ठरावीक एकाच माणसाला लागण्याची ६०० अब्जांत एक. पहिला आकडा डोक्यात पक्का बसला, दुसऱ्याला तिथे जागा उरली नाही.

स्कायलॅबची फेरी विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना ५० अंशांपर्यंत जायची. म्हणजे मराठवाडा रीतसर टापूत. तेव्हा जिल्हे पाचच, जालना, लातूर, हिंगोली अजून व्हायचे होते. पण पाचही खाली उभे. त्यात आभाळातून काही पडले तर काय होते याचा नमुना शेजारीच. लोणारचे जवळपास दोन किलोमीटर रुंदीचे विवर कागदोपत्री विदर्भात असले तरी जालन्याच्या वेशीला लागून आहे. जुलैचा मध्य म्हणजे पुनर्वसू नक्षत्र, शेतकऱ्याची मान तशीही वरच असायची. पारावरच्या भाषेत सांगायचे तर, पाऊस पडंना अन् हे पडायलंय! ते वर्ष पुढे देशभर दुष्काळाचेच निघाले.

आता खरी गंमत. स्कायलॅब वातावरणात शिरून फुटली तेव्हा आपल्याकडे ११ जुलैच्या रात्रीचे दहा वाजून गेले होते. मुंबईच्या पेपरांची लांबच्या गावांसाठी निघणारी डाक आवृत्ती तोवर कधीच छापून गठ्ठ्यांत बांधलेली. हे गठ्ठे मनमाडपर्यंत मोठ्या रुळाने यायचे. पुढे काचीगुड्याकडे जाणारा निजामाच्या काळातला मीटरगेज मार्ग, म्हणजे मनमाडला गाडी बदलणे आले. रुळांची रुंदी बदलली की बातमीलाही खाली उतरावे लागे. १२ तारखेला डाक आवृत्ती उघडणाऱ्या परभणी-नांदेडच्या वाचकाला त्यात स्कायलॅब पडल्याचे वाचायला मिळणे शक्यच नव्हते. त्याच्या हातातल्या अंकात ती अजून पडायचीच होती, आणि रेडिओवर ती पडून मोकळी झाली होती. एकाच घरात आजोबा पेपर वाचून घाबरलेले आणि नातू बातम्या ऐकून निवांत.

इकडच्या वाचकाला पेपरच्या बाबतीत अशा गोंधळाची सवयही होती. औरंगाबादचे ‘मराठवाडा’ आपल्या मातीतले, आ. कृ. वाघमाऱ्यांनी साप्ताहिक म्हणून काढलेले. निजामाने बंदी घातली की ते दुसरे नाव घेऊन पुन्हा निघायचे. आत काय छापले आहे याआधी आज पेपराचे नाव काय, हे पाहावे लागे.

पडली कुठे? गणित होते दक्षिण आफ्रिकेच्या खालच्या समुद्राचे. पण ती अंदाजापेक्षा उशिरा फुटली आणि बरेच तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्स गावाच्या आसपास विखुरले. कोणाला खरचटलेही नाही. तिथल्या नगरपालिकेने कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलरचा दंड लावला! ही उधारी २००९ पर्यंत लोंबकळली आणि शेवटी एका अमेरिकन रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून वर्गणी काढून फेडली. सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन वर्तमानपत्रांनी तर धंदाच मांडला होता. एकाने पहिला तुकडा आणणाऱ्याला १० हजार डॉलर लावले, ते एस्परन्सचा १७ वर्षांचा पोरगा घेऊन गेला. दुसऱ्याने आपल्या वर्गणीदाराचे नुकसान झाल्यास २ लाख डॉलर देऊ केले. कूपन चिकटवा आणि बादली मिळवा, या आपल्याकडच्या योजना त्यापुढे फारच सोज्वळ.

दिल्लीतल्या पडझडीला चार दिवस जास्त लागले. अविश्वासाचा ठराव ११ जुलैलाच आला होता आणि आणणारे होते यशवंतराव चव्हाण. १५ तारखेला मोरारजींनी राजीनामा दिला. २८ जुलैला चरणसिंग पंतप्रधान झाले आणि ठराव आणणारे यशवंतराव उपपंतप्रधान. स्कायलॅबचे तुकडे निदान परत एकमेकांना जोडून सत्तेवर बसले नाहीत.

महिनाभरात आपणही आभाळात हात मारला. १० ऑगस्टला श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ हे उपग्रह सोडणारे रॉकेट पहिल्यांदा उडाले, प्रकल्प संचालक अब्दुल कलाम. पाचेक मिनिटांत ते बंगालच्या उपसागरात. २० ऑगस्टला लोकसभेला तोंड न दाखवताच चरणसिंग सरकार गेले. एसएलव्ही मात्र १८ जुलै १९८० ला पुन्हा उडाले आणि त्याने रोहिणी उपग्रह नीट कक्षेत सोडला. तोवर मुंबईतले शरद पवारांचे पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारही, फेब्रुवारीतच, बरखास्त होऊन गेले होते.