ऑपरेशन केलंय हे कुणाकुणाला सांगायचं? (पहिल्या डब्यासोबतचा कागद)

नमस्कार. मुगाच्या कढणाच्या वाटीखाली हा कागद सापडला म्हणजे वजन उतरवायचं पोटाचं ऑपरेशन, स्लीव्ह (पोट कापून लहान करतात) किंवा बायपास (हृदयाचं नव्हे, पोट लहान करून थेट पुढच्या आतड्याला जोडतात ते), होऊन थोडेच दिवस झालेत, टाके अजून ओढतायत आणि फोनवर कुणी ना कुणी विचारतंयच की "नक्की काय झालं होतं गं?" काय खायचं, किती खायचं त्याचा तक्ता वेगळा दिलाय, तो फ्रिजवर लावा. हा कागद मात्र फ्रिजवर लावू नका, वाचून ड्रॉवरमधे टाका, का ते पुढे कळेलच.

हा कागद काढायची वेळ आली ती आमच्याच चुकीमुळे. सुरवातीला आम्ही प्रत्येक डब्यावर ठळक अक्षरात स्टिकर लावायचो, "बॅरिॲट्रिक (म्हणजे वजन उतरवायच्या ऑपरेशननंतरचं) सॉफ्ट डाएट, दिवस १८", म्हणजे किचनमधे कुणाचा डबा कुणाला असा घोळ होऊ नये. सोय आमची होती, ग्राहकाचा विचारच केला नव्हता. एका ताईंचा डबा वॉचमनकडे ठेवला जायचा, त्याने स्टिकर वाचलं, खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं हे काय असतं हो, काकूंनी मोबाईलवर शोधलं आणि संध्याकाळी लिफ्टमधे ताईंना म्हणाल्या, "अगं सांगायचंस ना, आम्ही काय परके आहोत का?" ताईंनी घरात सासूबाईंनासुद्धा हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं. आम्हाला फोन केला तेव्हा त्या भांडल्या नाहीत, नुसत्या रडत होत्या, ते जास्त लागलं. माफी मागितली, स्टिकर त्याच दिवशी बंद केले. पण त्यानंतर लक्षात आलं की जवळपास प्रत्येक नवीन ग्राहक डब्याची चौकशी करता करता हळूच हाच प्रश्न विचारतो, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढू.

आधी आमचं मत सांगून टाकते. ऑपरेशन तुमच्या पोटाचं झालंय, सोसायटीच्या टाकीचं नाही, त्यामुळे नोटीस लावायची गरज नाही. न सांगणं हा तुमचा हक्क आहे. पण न सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं, आणि हे मी स्वतः शेण खाऊन शिकले आहे.

माझं बायपास २०१७ मधे झालं, तेव्हा वजन ११२ किलो होतं. ऑफिसात सांगितलं पित्ताशयात खडे होते. इथवर ठीक होतं. पण वर्षभराने एका लग्नात मावसबहीण भेटली, तिची माझी अंगकाठी अगदी एकसारखी, लहानपणापासून एकमेकींचे फ्रॉक घालून वाढलेलो, तिने बाजूला घेऊन विचारलं "कसं केलंस?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काही नाही गं, रात्रीचं जेवण सोडलं आणि रोज पहाटे पर्वती चढायला लागले." तिने ते सात-आठ महिने केलं. रात्री उपाशी झोपायची, पहाटे पर्वती. तीन किलो उतरले, दिवाळीत परत आले. मग मला म्हणाली, "तुझ्याएवढी जिद्द नाही गं माझ्यात." ते ऐकून मला जेवण गेलं नाही (तसंही चार घासच जातात, पण ते चारही गेले नाहीत). त्याच रात्री तिला गच्चीवर नेऊन खरं सांगितलं. दोन महिने बोलली नाही, आणि बरोबरच होतं तिचं.

म्हणून आमचा एवढाच आग्रह आहे, "मला त्याबद्दल बोलायचं नाही" असं बिनधास्त म्हणा, पण "कोमट पाणी आणि मध घेतला" असं म्हणू नका. समोरचा ते खरं मानून करायला जातो आणि जमलं नाही की स्वतःला दोष देतो. डॉक्टर मुळात ऑपरेशन सुचवतात तेच डाएट आणि व्यायाम करून करून थकलेल्या माणसाला, हे आपल्याला माहीत असतं, समोरच्याला नसतं.

मग काय बोलायचं? "पोटाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी थोडं थोडं खायला सांगितलंय." हे शंभर टक्के खरं आहे आणि बहुतेकांचं इथेच समाधान होतं. "वजन कसं उतरलं?" ला "डॉक्टरांच्या देखरेखीखाली चाललंय" म्हणा आणि लगेच त्यांच्या मुलाची दहावी कशी चाललीये ते विचारा, काम होतं. २०२५ मधे मौंजारो आणि वेगोवी ही वजन उतरवायची इंजेक्शनं आपल्याकडे आल्यापासून लोक थेट "इंजेक्शन घेतलंस का?" विचारतात, त्यालाही हेच उत्तर चालतं. एक मात्र लक्षात ठेवा, पहिल्या सहा महिन्यांत वजन इतकं भराभर उतरतं, गाल बसतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केसही गळतात (परत येतात, घाबरू नका, प्रोटीन घ्या), की तुम्ही काहीच बोलला नाहीत तर लोक आपलं आपण काहीतरी ठरवतात. आमच्या एका दादांच्या गल्लीत त्यांना कॅन्सर झालाय असं पसरलं होतं आणि एक गृहस्थ तर आवळ्याचा रस घेऊन भेटायला आले. थोडीशी खरी माहिती दिलेली बरी पडते ती अशी.

आता ज्यांना सांगावंच लागतं ते लोक.

तुम्हाला औषध देणारा प्रत्येक माणूस. यात सूट नाही. आपल्याला वाटतं सर्जनला माहितीये म्हणजे झालं, पण दाढ काढायला जातो ते दुसऱ्याकडे, आणि तिथे पेनकिलर लिहून मिळते. बायपासवाल्यांना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्यांनी आतल्या जोडावर अल्सर होऊ शकतो, स्लीव्हवाल्यांनीही विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आमच्या एका ग्राहकांनी दातांच्या डॉक्टरांना सांगितलं नाही कारण वेटिंगमधे ओळखीचे लोक बसले होते, पाच दिवस गोळ्या खाल्ल्या, पोट धरून बसायची वेळ आली. अहो, आत केबिनमधे गेल्यावर सांगा ना. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यालाही "पोटाचं ऑपरेशन झालंय, अशा पेनकिलर चालत नाहीत" एवढं कळलं तरी पुरे. बायकांनी गायनॅकला नक्की सांगायचं, कारण ऑपरेशननंतर साधारण १२ ते १८ महिने दिवस राहू देऊ नयेत असा सल्ला असतो, आणि नंतरही बी१२, लोह, कॅल्शियम यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं.

नवरा किंवा बायको. हे लिहायलाही नको खरं तर, पण नवऱ्याला "पोटाची तपासणी" सांगून ॲडमिट झालेल्या बाई आमच्याकडे आल्या होत्या, म्हणून लिहिलं. एकाच घरात राहून वाटीभर जेवण, जन्मभराच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि दरवर्षीच्या रक्ताच्या टेस्ट लपवता येत नाहीत हो.

लग्न ठरायचं असेल तर? यावर आमच्या किचनमधेच वाद आहे. आमच्या पोळ्या करणाऱ्या मावशी म्हणतात पत्रिकेत ऑपरेशनचा कॉलम नसतो. मी म्हणते बघायच्या कार्यक्रमात आई-वडिलांसमोर सांगायची काही गरज नाही, पण दोघं बाहेर कॉफीला भेटाल तेव्हा, साखरपुड्याच्या आधी, एकमेकांना सांगा. नंतर गोळ्यांच्या डबीवरून कळलं तर ऑपरेशनचा राग येत नाही, लपवल्याचा येतो.

विमा कंपनी. नवीन पॉलिसीच्या फॉर्ममधे आधीच्या ऑपरेशनची माहिती विचारतात, तिथे खरं लिहा, एजंट "राहू दे हो" म्हणाला तरी लिहा, नाहीतर पुढे भलत्याच आजाराचा क्लेम अडकतो. ऑफिसच्या मेडिक्लेममधून ऑपरेशन केलं असेल तर कागद एचआरच्या टेबलावरून गेलेत का ते विचारून घ्या, म्हणजे कुणाला किती माहितीये याचा अंदाज राहील. रजेच्या सर्टिफिकेटवर मात्र सगळा तपशील लागतोच असं नाही, डॉक्टरांशी बोला.

आणि एखादा मित्र, जर तुम्ही घेणाऱ्यांतले असाल तर. ऑपरेशननंतर दारू लवकर आणि जास्त चढते, पूर्वीचा चार पेगचा माणूस एकात आडवा होऊ शकतो. पहिले काही महिने तर हातच लावू नका, पण नंतरही टेबलावर निदान एकाला माहीत हवं, आणि तो गाडी चालवणारा असेल तर उत्तम.

हे झालं औषधपाण्याचं. खरी परीक्षा आपल्याकडे असते ती आग्रहाची. आपल्या घरात प्रेम मोजतात ते वाढण्यात, "एकच पुरणपोळी, माझी शपथ", आणि वर "पानात टाकू नये" हे लहानपणापासून कानावर. श्रावणात सत्यनारायणाचा शिरा समोर आला, प्रसादाला नाही म्हणायचं नाही म्हणून मी वाटीभर खाल्ला होता, मला तेव्हा वाटलं प्रसादाने काय होतंय. पंधरा मिनिटांत छातीत धडधड, दरदरून घाम, पोटात कळ, आणि यजमानीणबाईंच्या बेडरूममधे आडवी पडून होते, बाहेर लोक कुजबुजतायत "दिवस गेलेत का?" (वय तेव्हा ४४). याला डंपिंग म्हणतात, साखर एकदम आतड्यात उतरली की होतं, बायपासवाल्यांना जास्त. सगळ्या समारंभात सगळ्यांना सांगत बसायची गरज नाही, फक्त घरच्या बाईला किंवा जो वाढणार आहे त्याला आदल्या दिवशी फोन करा, "मला डॉक्टरांनी गोड बंद केलंय, पानात चमचाभरच वाढा." जिने वाढायचं तीच आपल्या बाजूने असली की बाकीच्यांचं काही चालत नाही. प्रसाद बोटाच्या पेरावर मावेल एवढा घ्या, देवाला चालतं. बुफे असेल तर सोपं, छोटी प्लेट हातात धरून फिरत राहा, मोकळा हात दिसला की आग्रह होतो. आणि जेवताना पाण्याचा ग्लास कुणी पुढे केला तर नुसता धरून ठेवा, पाणी अर्ध्या तासाने.

लहान मुलांचं एक वेगळं. घरात आठ-दहा वर्षांचं पोर असेल तर "बाबांचं पोट लहान केलंय, म्हणून ते कमी जेवतात" इतकं सांगा आणि ते शाळेत जाऊन सांगणार हे गृहीत धरा. मुलांना गुपित सांभाळायला लावू नका, त्यांना वाटतं बाबांनी काहीतरी चूक केलीये.

सगळ्यांना मोकळेपणाने सांगणारेही आमच्याकडे आहेत आणि त्यांचं छान चाललंय. मोठमोठ्या लोकांचंही दोन्ही तऱ्हेचं असतं बघा. नितीन गडकरी भाजपचे अध्यक्ष असताना २०११ मधे त्यांनी मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं, पेपरात छापून आलं, राजकारण कुठे अडलं नाही. अरुण जेटलींनी २०१४ मधे अर्थमंत्री असताना केलं. उलट अमेरिकेत न्यू जर्सीचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी २०१३ च्या फेब्रुवारीत खोटं नाव लावून गुपचूप पोटाला बँड (कमी खाल्लं जावं म्हणून पोटाभोवती बसवतात तो पट्टा) बसवून घेतला, आणि मे मधे ते बाहेर आलंच. तेव्हा पूर्ण लपून राहील या भरवशावर बसू नका.

पण सांगण्याची किंमतही माहीत असू दे. एकदा कळलं की प्रत्येक जण तुमच्या ताटाचा इन्स्पेक्टर होतो. भजी उचललीत की "चालतं का तुला?" दोनेक वर्षांनी थोडं वजन परत चढणं बऱ्याच जणांना होतं, तेव्हा "ऑपरेशन करूनसुद्धा?" हे ऐकावं लागतं. "शॉर्टकट मारला" म्हणणारे भेटतात, त्यांना रोज ६० ग्रॅम प्रोटीन या एवढ्याशा पोटात घालून दाखव म्हणावं. आणि कुणीतरी २०१७ ची ती या ऑपरेशनसाठी इजिप्तहून मुंबईला आणलेली इमान काढतंच, "ती वारली ना?" तिची केस फार वेगळी होती, पाचशे किलोच्या आसपास वजन आणि सोबत कितीतरी आजार, तिची तुलना आपल्याशी होत नाही, पण हे लग्नाच्या हॉलमधे समजावत बसायची ताकद त्या दिवशी नसेल तर समजावू नका. आणि आत्याला सांगितलं की फॅमिली ग्रुपवर गेलंच समजा. सांगितलेलं परत घेता येत नाही, न सांगितलेलं मात्र सहा महिन्यांनीही सांगता येतं, म्हणून आत्ता टाके ओले असताना घाईने काही ठरवू नका.

आमच्याकडून इतकं नक्की. डब्यावर फक्त नंबर, पिशवी साधी कापडी, पैशाच्या मेसेजमधे फक्त "डबा". डबा दारात द्यायचा, ऑफिसच्या रिसेप्शनला द्यायचा की कोपऱ्यावर थांबायचं ते फोनवर सांगा, रोज वेगळं असलं तरी चालेल. तुमच्या घरी कुणाला माहितीये तेही एकदा सांगून ठेवा, म्हणजे आम्ही फोन केला आणि सासूबाईंनी उचलला तर गडबड होणार नाही. वॉचमनने विचारलंच तर आमचा पोरगा म्हणतो, "मुगाचं कढण आहे काका, घेता का?" आजवर कुणी घेतलेलं नाही.