सोजर्नर ट्रुथ आणि हॅरिएट टबमन: एकीचा चेहरा, दुसरीची कहाणी

दरवर्षी ८ मार्चच्या आसपास एक छायाचित्र फिरू लागते. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर शाल, डोळ्यांना चष्मा, हातात विणकाम आणि करारी चेहरा. हे छायाचित्र एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत गुलामगिरीविरुद्ध आणि स्त्री-हक्कांसाठी बोलणाऱ्या सोजर्नर ट्रुथ यांचे आहे. त्याखालची ओळख मात्र गुलामांना रातोरात पळवून नेणाऱ्या हॅरिएट टबमन यांची असते. गेल्या वर्षी एका कार्यक्रमात हीच चूक फलकावर मोठ्या अक्षरांत छापलेली दिसली. ती दाखवून दिल्यावर ‘दोघीही गुलामगिरीविरुद्धच लढल्या, मग काय बिघडले?’ असे उत्तर मिळाले. बरेच बिघडते, म्हणून हे लिहीत आहे.

टबमन यांची कहाणी बहुतेकांना ठाऊक असते, त्यामुळे ती थोडक्यात. मेरीलँड राज्याच्या डॉर्चेस्टर काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) गुलामगिरीत जन्म, १८४९ मध्ये फिलाडेल्फियाला पलायन आणि त्यानंतर ‘भूमिगत रेल्वे’ची वाटाडी म्हणून पुन्हा पुन्हा मेरीलँडला जाणे. (या रेल्वेला ना रूळ होते ना डबे, लपण्याची घरे आणि भरवशाची माणसे यांची ती साखळी होती.) अमेरिकेच्या यादवी युद्धात, जून १८६३ मध्ये, दक्षिण कॅरोलायनातील कॉम्बाही नदीवरच्या मोहिमेत त्यांनी उत्तरेच्या सैन्याला वाट दाखवली आणि सातशेहून अधिक माणसे मुक्त झाली. १९ फेऱ्या आणि ३०० माणसे हा त्यांच्या हयातीतल्या चरित्रामुळे रूढ झालेला आकडा मात्र आता सोडून द्यावा. सुमारे १३ फेऱ्या आणि ७० माणसे हा आकडा संशोधनात टिकला आहे, आणि जिवावर उदार होऊन आणलेली ७० माणसे कोणत्याही मापाने थोडी नाहीत.

ट्रुथ वयाने सुमारे २५ वर्षांनी मोठ्या होत्या, दोघींनाही लिहिता-वाचता येत नव्हते, एकीची कबर मिशिगनमधील बॅटल क्रीकला आहे आणि दुसरीची न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्नला. हे तपशील कोणत्याही कोशात सापडतात आणि त्यावर कोणी फारसे अडत नाही.

माणसे अडखळतात ती दुसऱ्याच जागी. अमेरिकेतली गुलामगिरी म्हटली की डोळ्यांसमोर दक्षिणेतले कापसाचे मळे येतात, आणि उत्तर हा मुक्तीचा प्रदेश असे आपण धरून चालतो. टबमन या नकाशात नीट बसतात. ट्रुथ बसत नाहीत, कारण त्या उत्तरेतच गुलाम होत्या. न्यूयॉर्क राज्यातील अल्स्टर काउंटीत, हडसन नदीच्या खोऱ्यात, १७९७ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. जन्माचे नाव इझाबेला, सोजर्नर ट्रुथ हे नाव त्यांनी पुढे घेतले. मालक डच वंशाचे असल्यामुळे डच हीच त्यांची पहिली भाषा. नऊ वर्षांच्या असताना मेंढ्यांच्या कळपाबरोबर १०० डॉलरला त्या विकल्या गेल्या, आणि नव्या मालकाच्या घरचे इंग्रजी कळत नाही म्हणून त्यांनी मार खाल्ला.

न्यूयॉर्कच्या कायद्यानुसार ४ जुलै १८२७ रोजी तिथली गुलामगिरी संपणार होती. जॉन ड्युमाँट या मालकाने इझाबेलाला वर्षभर आधीच सोडण्याचा शब्द दिला आणि तिचा हात जायबंदी झाल्याने काम कमी भरले, असे सांगून तो फिरवला. तेव्हा आपल्याकडे त्याचे काही देणे राहू नये म्हणून तिने सुमारे १०० पौंड लोकर कातून दिली आणि १८२६ च्या अखेरीस एका पहाटे तान्ह्या सोफियाला घेऊन घर सोडले. आपण पळालो नाही, चालत निघालो, असे त्या पुढे आग्रहाने सांगत. त्यांचा लहानगा मुलगा पीटर कायदा मोडून राज्याबाहेर, अलाबामात विकला गेला होता. त्याच्यासाठी त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्याच किंग्स्टनच्या कोर्टाची पायरी चढली आणि १८२८ मध्ये मुलगा परत मिळवला. टबमन यांच्या मेरीलँडमध्ये कायदा पूर्णपणे मालकाच्या बाजूने होता, म्हणून रात्र, जंगल आणि गुप्तता हीच त्यांची साधने होती. ट्रुथ यांनी कागदावरचा कायदा दिवसाढवळ्या न्यायाधीशांसमोर खरा करून घेतला. एकीच्या नावावर दुसरीची कहाणी घातली की उत्तरेतली गुलामगिरी आणि तो खटला, दोन्ही पुसले जातात.

ही पुसापुशी नवी नाही. २९ मे १८५१ रोजी ओहायोतील अ‍ॅक्रनच्या स्त्री-हक्क परिषदेत ट्रुथ यांनी भाषण केले. महिनाभरातच, २१ जूनला, तिथे हजर असलेल्या मारियस रॉबिन्सन यांनी ते वृत्तपत्रात छापले. आज जगभर पाठ असलेले ‘मी बाई नाही का?’ हे पालुपद त्या मजकुरात कुठेही नाही. ते १८६३ मध्ये, १२ वर्षांनी, त्या परिषदेच्या अध्यक्ष फ्रान्सिस गेज यांनी छापलेल्या आवृत्तीत येते, आणि त्यात डच वळणाने बोलणाऱ्या या बाईच्या तोंडी दक्षिणेतल्या गुलामांची म्हणून समजली जाणारी बोली घातली आहे. पाच मुलांच्या आईला १३ मुलेही तिथेच मिळाली. मला रॉबिन्सन यांचाच मजकूर कितीतरी मोलाचा वाटतो. त्यातला एक युक्तिवाद आपल्या मापांत सांगायचा तर असा: बाईची बुद्धी अच्छेर (अर्धा शेर) आणि पुरुषाची शेरभर असेल, तर तिचे अच्छेराचे माप तरी तिला भरू द्यायला काय हरकत आहे?

स्मारके पाहिली की हा फरक डोळ्यांना दिसतो. न्यूयॉर्क शहरातल्या हार्लेममध्ये २००८ साली उभारलेला टबमन यांचा पुतळा दक्षिणेकडे, म्हणजे उरलेल्यांना आणायला निघाला आहे आणि त्यांच्या घाघऱ्यामागून उपटलेली मुळे ओढली जात आहेत. त्याच शहरात, सेंट्रल पार्कमध्ये, २०२० साली दोन गोऱ्या स्त्री-हक्क नेत्यांसोबत ट्रुथ टेबलाशी बसल्या. मूळ आराखड्यात त्या नव्हत्याच, टीका झाल्यावर त्यांना जागा मिळाली. अ‍ॅक्रनमध्ये त्यांच्या नावाचा चौक २०२४ मध्ये खुला झाला.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते मात्र पोर्ट यूएन या अल्स्टर काउंटीतल्या लहानशा गावातले स्मारक. तिथे २०१३ पासून एक अनवाणी मुलगी उभी आहे, खानावळवाल्या मालकाचे जड बुधले दोन्ही हातांत घेऊन. तिथे ना टोपी आहे, ना शाल, ना भाषण. आहे ती न्यूयॉर्क राज्यात विकली गेलेली इझाबेला. पुढच्या ८ मार्चला फलक करायचा असेल, तर ट्रुथ यांच्या नावाखाली या मुलीचे चित्र लावावे आणि बाजूला किंग्स्टनच्या खटल्याचे साल लिहावे.