सिम, वैल आणि कढीची उकळी

‘गॅस सिमवर ठेव’ हे आपण इतक्या सहज म्हणतो की ‘सिम’ म्हणजे इंग्रजी ‘सिमर’चं (मंद आचेवर शिजवणे) शेपूट तोडलेलं रूप आहे, हे लक्षातही येत नाही. शेगडीच्या बटणापाशी छापलेली ती तीन अक्षरं मराठी झाली.

त्याआधी काय होतं? शब्दांची वाण नव्हती. दुधाला उकळी फुटते, आमटीला कढ येतो, पिठलं रटरटतं. पण मंद आचेला खरं तर जागाच ठरलेली होती: चुलीच्या अंगाला जोडलेला वैल, काही भागांत औल. लाकडं चुलीत जळत आणि आतल्या भोकातून उरलीसुरली धग वैलाकडे जाई. तवा चुलीवर, आमटी वैलावर. आच बदलायची तर भांडं सरकवायचं.

समुद्रसपाटीला पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं. मंद आचेवर ते साधारण 85 ते 95 अंशांत राहतं. मधूनच एखादा बुडबुडा वर येतो, बाकी पाणी नुसतं थरथरतं. (महाबळेश्वरला, सुमारे 1,350 मीटरवर, पाणी 95-96 अंशांनाच उकळतं!) पाच-दहा अंशांनी एवढं काय बिघडतं? खरा फरक पडतो तो खळबळीने. कढी हे सर्वांत चांगलं उदाहरण. तिचं नाव ‘क्वथ्’ म्हणजे उकळणे या संस्कृत धातूवरून आलेलं, आणि ती खळखळून उकळली की ताक फुटतं. बेसन लावतात ते थोडं सांभाळून घेतं, इतकंच.

त्याच धातूचा काढा. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथात एक भाग औषधाला सोळा भाग पाणी आणि आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवणं सांगितलं आहे, तेही ‘मृद्वग्नी’वर, म्हणजे मंद आचेवर. आटवायचं असलं तरी घाई नाही.

युरोपात हा विषय इंधनाच्या हिशोबातून पुढे आला. अठराव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये गरिबांसाठी स्वयंपाकघरं उभारणाऱ्या काउंट रम्फर्डने बजावलं, की उकळत्या पाण्याखाली आणखी जाळ घातल्याने ते जास्त तापत नाही, फक्त वाफ होते. आणि वाफ महाग पडते: 20 अंशांचं पाणी उकळीला आणायला लागते त्याच्या जवळजवळ पावणेसात पट उष्णता ते सगळं आटवायला लागते.

मग चूल गेली, वैलही गेला. स्वीडनच्या लिंडक्विस्टने 1892च्या सुमारास आणलेला प्रायमस, म्हणजे रॉकेलचा स्टोव्ह, पंप मारला की फुरफुरत पेटे. आच कमी करायची तर हवा सोडा, जास्त सोडली तर विझतो. वैलाची सोय पुन्हा मिळाली ती गॅसच्या बटणाने.

पण तोवर कुकरही आला होता. डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1679मध्ये दाखवलेलं तत्त्वच हॉकिन्सने 1959पासून मुंबईतून घरोघरी नेलं. आत दाब वाढतो, पाणी सुमारे 120 अंशांना पोचतं आणि तासभर शिजणारी डाळ शिट्ट्यांवर मोजली जाते. गंमत अशी, की रम्फर्डचा हिशोब इथेही लागू आहे. दाब भरल्यावर मोठ्या आचेने डाळ लवकर शिजत नाही, शिट्ट्या तेवढ्या वाढतात. म्हणून ‘एक शिट्टी, मग सिमवर दहा मिनिटं’ म्हणणाऱ्या बायका बरोबर होत्या.

कढी मात्र अजून पातेल्यातच होते. शेजारी उभं राहून ढवळायचं आणि कडेने बुडबुडे दिसू लागले की गॅस बंद.