मॉलीचं मीठ आणि बेळगावचं पाणी : थोडी पार्श्वभूमी

बेळगावात मॉली या शोभेच्या माशाची जोडी घेतली की दुकानदार हमखास सांगतो, "हिला खारं पाणी लागतं, मीठ टाका." कुणी कुणी तर माशांच्या पिशवीबरोबर खडे मिठाची पुडीच हातात ठेवतो. घरी आल्यावर टाकीत मीठ पडतं, चार दिवस बरे जातात आणि मग मॉली लटपटायला लागते. पंख अंगाला चिकटलेले, शरीर डावीउजवीकडे हलतंय, पण मासा जागचा सरकत नाही. मग आणखी एक चमचा मीठ. हा प्रकार आजचा नाही. त्यात दोष माशाचा कमी आणि पाण्याला आपण लावलेल्या एका शब्दाचा जास्त.

मॉली मूळची मेक्सिको, मध्य अमेरिका आणि अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरची. 1821 मध्ये नेपोलियनच्या काळातल्या एका फ्रेंच मंत्र्याच्या नावावरून तिच्या प्रजातीला 'मोलिएनेसिया' नाव मिळालं. 1963 मध्ये ती प्रजाती मोडून 'पोएसिलिया'त मिसळली, म्हणजे मॉली आणि गप्पी शास्त्राच्या हिशेबात एकाच घरच्या झाल्या. मंत्र्याचं नाव पुस्तकातून गेलं, दुकानात राहिलं. ठार काळी मॉली तर पैदासकारांनी निवडून निवडून घडवलेली.

सीमाभागात या घराण्यातला मासा आधी आला तो काचेच्या टाकीत नव्हे, हौदात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डासांच्या अळ्या खायला म्हणून गप्पी भारतात आणला गेला, 1928 मध्ये त्याच कामासाठी गंबुसिया आला. पुढे हिवतापाच्या मोहिमांत गप्पी विहिरींत आणि हौदांत सोडले गेले. आमच्या पिढीतल्या अनेकांचा पहिला पाळीव मासा म्हणजे हौदातून तांब्याने काढून हॉर्लिक्सच्या बाटलीत ठेवलेला गप्पी. तो जगायचा, कारण तो कशातही जगतो. मासे पाळणं सोपं असतं हा आपला गैरसमज बहुधा तिथलाच.

काचेची टाकी दिवाणखान्यात स्थिरावली ती पुढे, नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर. तेव्हाच फेंगशुईची लाट आली: नऊ मासे, आठ सोनेरी आणि एक काळा. सोनेरी म्हणजे गोल्डफिश. काळा म्हणून स्वस्तातली मिळायची ती काळी मॉली. जोडी जुळवताना माशांना कुणी विचारलं नाही. गोल्डफिश थंड पाण्यातला, मॉलीला 24 ते 28 अंश लागतात. 'गरिबांचं महाबळेश्वर' म्हणवणाऱ्या या गावात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हीटर नसेल तर पाणी त्याच्या बरंच खाली जातं. त्यात भर म्हणजे एकटी आणलेली मॉली महिन्याभरात पिल्लं घालायची. मादी नराचं बीज कित्येक महिने अंगात साठवून ठेवते, त्यामुळे दुकानातून येतानाच ती भरलेली असते. पिल्लं गोल्डफिशच्या पोटात जायची आणि घरात चर्चा व्हायची शकुनाची.

आता मूळ भांडण, मिठाचं. मॉलीच्या जंगली जातींपैकी मोठ्या पंखाच्या दोन किनाऱ्यालगतच्या निमखाऱ्या पाण्यात राहतात, हळूहळू सवय केली तर समुद्राच्या पाण्यातही तगतात. तिसरी प्रामुख्याने आतल्या नद्यानाल्यांतली, गोड्या पाण्यातली. दुकानातली मॉली या तिन्हींच्या संकरातून आलेली. मग तिचं माहेर कुठलं धरायचं? किनाऱ्यावरचं धरणारे मीठ टाकतात, नदीकाठचं धरणारे टाकत नाहीत. दोघांकडे आपापली जगलेली मॉली पुरावा म्हणून हजर असते.

या सगळ्या पाण्यांत एक गोष्ट मात्र सारखी आहे: त्यांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. मॉलीला लागतं ते हे. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला 'दुष्फेन' म्हणतात, घरात कुणी म्हणत नाही. घरात ते 'जड', 'मचूळ', 'सवळ', आणि सगळ्यांत जास्त वेळा 'खारं'. बोअरला पाणी लागलं पण खारं लागलं, असं आपण म्हणतो तेव्हा त्यात मीठ असेलच असं नाही. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो, एवढाच त्याचा अर्थ. कन्नडमध्येही तेच, 'सवळ नीरु' किंवा 'उप्पु नीरु'. दोन्ही भाषांनी मिळून क्षार आणि मीठ एकाच भांड्यात ओतले आहेत. त्यामुळे 'मॉलीला खारं पाणी लागतं' हे वाक्य बोअरच्या पाण्याबद्दल अगदी बरोबर आहे, मिठाच्या पुडीबद्दल नाही. मिठात सोडियम आणि क्लोराइड असतं, कॅल्शियम नसतं. कितीही टाका, पाणी खारट होईल, जड होणार नाही.

शिवाय चमच्याचा हिशेब. दोन फुटी टाकीत साधारण 50 लिटर पाणी. चमचाभर, म्हणजे 5 ग्रॅम मीठ टाकलं तर लिटरमागे 0.1 ग्रॅम. समुद्रात ते 35 ग्रॅम असतं. पाणी खरोखर निमखारं करायचं तर निदान पाव किलो मीठ लागेल. तेवढं टाकलं की टाकीतल्या बहुतेक वनस्पती कुजतील आणि तळाशी फिरणाऱ्या कोरी नावाच्या माशाचं काही खरं नाही.

मग मिठाने गुण येतो असं इतक्या लोकांना का वाटतं? कधीकधी येतो म्हणून. नवी, अजून मुरलेली नसलेली टाकी असते, माशांच्या घाणीतून तयार होणारं नायट्राइट हे विष वाढलेलं असतं आणि ते कल्ल्यांतून रक्तात शिरतं. मिठातला क्लोराइड ते शिरणं अडवतो. मासा सावरतो, श्रेय 'खाऱ्या पाण्याला' जातं आणि मीठ कायमचं सुरू होतं. औषध होतं, त्याचं जेवण झालं.

या गोंधळाला आपल्या जिल्ह्याचा भूगोल बरोबर खतपाणी घालतो. पश्चिमेला खानापूर, कणकुंबी, जांबोटीकडे धो धो पाऊस आणि जांभा दगड, तिथलं पाणी हलकं. पूर्वेला अथणी, रायबागकडे कमी पाऊस, काळी जमीन, उसाच्या पाण्याने क्षारपड झालेले पट्टे, तिथलं बोअर जड. बेळगाव शहराच्या नळाला येतं ते राकसकोप आणि हिडकलचं, दोन्ही धरणांचं, म्हणजे बोअरच्या मानाने बरंच हलकं. अथणीला आमच्या आत्याच्या घरी सिमेंटच्या टाकीत मॉलींची चौथी पिढी खेळत होती आणि मीठ कुणाला माहीतही नव्हतं. तिथल्याच सहा मॉली मी बेळगावात, शहापुरातल्या माझ्या टाकीत आणल्या, वर मीठही टाकलं. आठवड्यात चार गेल्या. आत्याने फोनवर निदान केलं, "तुमच्या गावचं पाणीच गुळमुळीत." तिने एका शब्दात सांगितलेलं मला कळायला पुढे दोन वर्षं लागली.

2008 च्या सुमारास शहराच्या काही प्रभागांत चोवीस तास पाणी सुरू झालं आणि माशांच्या बाबतीत एक अनपेक्षित गोष्ट घडली. चार-सहा दिवसांनी नळ येणाऱ्या गल्ल्यांत पाणी हौदात साठवलं जायचं, तोवर त्यातलं क्लोरीन उडून जायचं. चोवीस तासवाल्यांनी नळी थेट टाकीत लावली आणि सकाळी मासे उलटे तरंगताना दिसले. तेव्हाही दोष मिठालाच गेला, कमी पडलं म्हणून.

अलीकडे घरोघर आरओ आला. शुद्ध पाणी माशांना चांगलं, या समजुतीने आरओचं पाणी टाकीत जाऊ लागलं. मॉलीच्या दृष्टीने याहून वाईट पाणी नाही, कारण त्यातून नेमके क्षारच काढून टाकलेले असतात. जाणती मंडळी आता फिल्टरमध्ये कारवार-गोव्याहून आणलेल्या शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीचे खडे ठेवतात. ते हळूहळू विरघळतात आणि पाणी जड करतात. पैसा लागत नाही. दुकानदारांना हा उपाय फारसा आवडत नाही.

त्यांच्याकडे आता टीडीएस मीटर आहे. दिसायला पेनसारखा, पाण्यात बुडवला की आकडा येतो. तो आकडा पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा मिळून असतो, मीठ किती आणि कॅल्शियम किती हे त्यावरून कळत नाही. परवाच एका दुकानात पाहिलं. दुकानदाराने मीटर बुडवला, 90 आलं. मूठभर मीठ टाकून ढवळलं, पुन्हा बुडवला, आकडा कितीतरी वर गेला. गिऱ्हाइकाला स्क्रीन दाखवत तो म्हणाला, "बघा, आता झालं खारं."