हरणारा संघ, आकडे आणि अनुभवी नजर

२३ मे २०१९ रोजी वॉशिंग्टन नॅशनल्स या बेसबॉल संघाच्या खात्यात ५० सामन्यांत केवळ १९ विजय होते आणि मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, डेव्ह मार्टिनेझ यांना काढून टाकावे, अशी उघड मागणी होत होती. त्याच संघाने त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलची अंतिम मालिका, जिंकली.

सुरुवातीची ती घसरण कितपत खरी होती? प्रत्येक सामना नाणेफेकीवर सोडला, तरीही ५० सामन्यांत १९ किंवा त्याहून कमी विजय पदरी पडण्याची शक्यता सुमारे सहा टक्के असते. म्हणजे तीस संघांच्या स्पर्धेत एखाद्‌दुसऱ्या संघावर ही वेळ निव्वळ योगायोगानेही येऊ शकते. बॅटरचेही तसेच असते. चारपैकी एकदा हिट (फटका मारून सुरक्षितपणे बेस गाठणे) मिळवण्याची ज्याची खरी कुवत आहे, त्याला शंभर संधींत २१ ते २९ हिट मिळणे अपेक्षित असले, तरी दहांपैकी तीन वेळा त्याची संख्या या मर्यादेबाहेर जाते. म्हणूनच विश्लेषक जय-पराजयापेक्षा केलेल्या आणि दिलेल्या रनांमधील फरक आधी पाहतात, कारण एका रनाने हुकलेले सामने त्यात मोठ्या पराभवाइतके जड ठरत नाहीत.

अनुभवी नजर याच ठिकाणी सर्वाधिक फसते. दोन आठवडे हिट न मिळालेला बॅटर तिला ‘संपलेला’ वाटू लागतो. उलट पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) हात खाली येऊ लागला आहे, चेंडूची धार गेली आहे, हे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरला चार-पाच चेंडूंत कळते; असा अंदाज बरोबर की चूक, हे त्याला वर्षानुवर्षे लगेच कळत आलेले असते, आणि अंतःप्रेरणा घडते ती अशाच सरावातून.

२७ ऑक्टोबर २०२० रोजी, वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात, मालिकेत पिछाडीवर असलेल्या टँपा बे रेजचे मॅनेजर केव्हिन कॅश यांनी पिचर ब्लेक स्नेलला ७३ चेंडूंनंतर बाहेर काढले. तेव्हा रेज १-० ने पुढे होते. एकाच पिचरला तिसऱ्यांदा सामोरे जाताना बॅटर सरासरीने अधिक यशस्वी होतात, हा त्यामागचा हिशेब खरा आहे. पण प्रतिस्पर्धी डॉजर्सच्या पहिल्या तीन बॅटरना स्नेलने त्या रात्री सहाही वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले होते. सामना रेज ३-१ ने हरले. सहा स्ट्राइकआउट हाही छोटाच नमुना असल्याने, केवळ निकालाकडे बोट दाखवून कॅश यांना दोष देणे मला पटत नाही. मला खटकते ते वेगळेच: स्नेलच्या जागी आलेल्या निक अँडरसनने त्याआधीच्या सामन्यांत लागोपाठ रन दिले होते, आणि थकलेला हात ओळखणारी नजर वापरायला हवी होती ती त्याच्यासाठी.