माशाचा रंग खाण्यातून येतो, पण सगळाच नाही

दुकानातून नेला तेव्हा शेंदरी असलेला गोल्डफिश तीन महिन्यांत फिकट पिवळा पडला, ही आमच्याकडे येणारी नेहमीची तक्रार. मासा आजारी असेलच असं नाही. पुष्कळदा त्याच्या खाण्यात रंगद्रव्यच नसतं.

लाल, केशरी आणि पिवळा हे रंग मुख्यतः कॅरोटिनॉइड नावाच्या द्रव्यांचे. मासा ती अंगात तयार करू शकत नाही. तळ्यात शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव खाऊन ती मिळतात; टँकमध्ये आपण टाकू तेवढीच. म्हणून आमच्या रंग खुलवणाऱ्या खाद्याच्या दाण्यांत स्पिरुलिना (एक प्रकारचं निळं-हिरवं शेवाळ), झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क आणि अ‍ॅस्टाझँथिन हे लाल कॅरोटिनॉइड असतं. गोल्डफिश आणि कोई (तळ्यात पाळतात तो रंगीत जपानी मासा) यांची गंमत अशी, की स्पिरुलिनातलं झिअ‍ॅझँथिन हे पिवळं कॅरोटिनॉइड अंगात बदलून ते त्याचं लाल अ‍ॅस्टाझँथिन करतात. सगळ्या माशांना हे जमत नाही, म्हणून अ‍ॅस्टाझँथिन आम्ही आयतंही घालतो.

निळ्या रंगाचं मात्र वेगळं आहे. निऑन टेट्रा या छोट्या माशाची निळी पट्टी म्हणजे कातडीतल्या बारीक स्फटिकांवरून परतणारा उजेड. तुमचा बेट्टा (फायटर मासा) निळा असेल तर आमचा डबा घेऊ नका, साधं चांगलं खाद्य पुरेल. तसंच केशरी गोल्डफिश उपजत गुणानं वाढत्या वयात पांढरा झाला, तर कुठलंही खाद्य त्याला पुन्हा रंगवणार नाही.

दिवसातून एकदा हे दाणे द्या, तेही दोन मिनिटांत संपतील एवढेच. दुसऱ्या वेळी नेहमीचं खाद्य. फरक दिसायला तीन-चार आठवडे जातात, आणि खाद्य बंद केलं की रंग हळूहळू उतरतो. जास्त दिल्यानं जास्त लाल होत नाही, पाणी मात्र खराब होतं. कोईच्या अंगावरचा पांढरा भाग पिवळट दिसू लागला तर पंधरा दिवस हे दाणे बंद ठेवा.

चार-पाच दिवसांत रंग चढवणारं खाद्य कोणी विकत असेल तर सावध राहा. काही खाद्यांत नराचं संप्रेरक घातलेलं असतं. गप्पी माशाच्या एरवी फिक्या असणाऱ्या माद्या नरांसारख्या रंगू लागल्या तर शंका घ्यावीच. अशा माद्यांची पिल्लं देण्याची क्षमताही जाऊ शकते. आमच्या दाण्यांत संप्रेरक नाही. ग्लासफिश या पारदर्शक माशाला सुईनं टोचलेला गुलाबी-हिरवा रंगही काही महिन्यांत जातो. तो आम्ही परत आणू शकत नाही, आणू इच्छितही नाही.

दसऱ्याची तोरणं उतरवून पाकळ्या थेट टँकमध्ये टाकणारे ग्राहक आम्ही पाहिलेत. कल्पना चुकीची नाही, पण बाजारातल्या झेंडूवर कीटकनाशक फवारलेलं असू शकतं. सुका जवळा चालतो. खारट असतो, म्हणून भिजवून, दोन पाण्यांतून धुऊन द्या.

उजेड आणि उष्णतेनं रंगद्रव्य उडून जातं. डबा टँकच्या दिव्यावर ठेवू नका, झाकण घट्ट लावा आणि उघडल्यापासून तीन महिन्यांत संपवा.

पहिल्या दिवशी माशाचा फोटो काढून ठेवा, नंतरचाही त्याच उजेडात. दिवे लावल्या लावल्या काढू नका, रात्रभर अंधारात राहिलेला मासा फिकाच दिसतो. दोन महिन्यांनीही फरक नसेल तर कारण पाण्यात असू शकतं; टँकचं पाणी स्वच्छ बाटलीत भरून आणा, अमोनिया आम्ही इथेच तपासून देतो.